कातळावर टर्की, बागेत कोंबड्या : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२४

सावंतवाडी तालुक्यातील आमच्या घराच्या परसात सध्या गावरान आणि ऱ्होड आयलंड रेड अशा मिळून साठेक कोंबड्या, थोडी मस्कोव्ही बदके आणि काही गिनी फाउल आहेत. या पक्ष्यांच्या जोडीला यंदा टर्की पाळायचे ठरले असून, नाताळाच्या सुमारास गोव्याच्या बाजारात जादा नर विकावेत आणि निवडक माद्या व नर पैदाशीसाठी ठेवावेत, असा हेतू आहे. पिल्ले मागवण्यापूर्वी जागेचा प्रश्न सोडवणे भाग आहे, कारण टर्कीला सर्वांत मोठा धोका आपल्याच खुराड्यातील निरोगी दिसणाऱ्या कोंबडीकडून असतो.

हा धोका म्हणजे ब्लॅकहेड नावाचा रोग. हिस्टोमोनास मेलिॲग्रिडिस हा एकपेशीय परजीवी कोंबडीच्या आंधळ्या (एका टोकाला बंद असलेल्या) आतड्यांत राहतो आणि तेथेच राहणाऱ्या हेटेराकिस गॅलिनॅरम या बारीक जंताच्या अंड्यांत शिरून विष्ठेबरोबर बाहेर पडतो. उघड्यावर हा परजीवी काही तासांत मरतो, पण जंताच्या अंड्याच्या कवचाआड तो मातीत वर्षानुवर्षे तग धरतो. त्या मातीतील गांडुळे ही अंडी गिळतात आणि गांडूळ खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात रोग पोहोचतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, टर्कीचे मात्र यकृत सडते. थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९५ मध्ये या रोगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले ते अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील टर्कींच्या अभ्यासावरून, आणि आमच्या तांबड्या कोंबड्यांची जातही त्याच राज्यातली. एकाच परसातील या दोन पक्ष्यांची गाठ किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येते. या रोगावर लस नाही. पूर्वी वापरली जाणारी औषधे अनेक देशांत खाद्यपक्ष्यांसाठी बंद झाली असून, शेवटचे म्हणून उरलेले नायटारसोन हे औषधही अमेरिकेत २०१५ च्या अखेरीस बाजारातून काढून घेण्यात आले.

म्हणून या प्रकल्पाचा पाया एकच धरला आहे : माती वेगळी. पक्षी एकमेकांना दिसले, त्यांचे आवाज एकमेकांच्या कानी पडले तरी बिघडत नाही; ते एका जमिनीवर चरता कामा नयेत.

२४ जानेवारी २०२४

जमिनीची विभागणी आमच्या जागेच्या ठेवणीनेच सुचवली. घराच्या खालच्या अंगाला व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, माड-पोफळीची बाग आहे. तेथे बारमाही ओल, पाचोळ्याचा थर आणि मुबलक गांडुळे असल्यामुळे कोंबड्यांना ती जागा सोन्यासारखी आहे. घराच्या वरच्या अंगाला जांभ्याचा कातळ सुरू होतो. तेथे मातीचा थर जेमतेम बोटभर, पावसाळा सरला की गवत वाळून जाते आणि गांडूळ शोधूनही सापडत नाही. शेतीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरलेली ही जागा टर्कीच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित आहे. शिवाय ती उंचावर असल्यामुळे पावसाचे पाणी कातळावरून बागेकडे उतरते, बागेतले पाणी कातळाकडे चढत नाही.

कातळावरच्या जुन्या मांगराची (शेतातल्या खोपटाची) डागडुजी करून त्याच्या दर्शनी भागात जाळी लावली आहे. प्रौढ पक्ष्याला रात्रीच्या निवाऱ्यात तीन ते चार चौरस फूट जागा लागते, त्या हिशेबाने मांगर पुरेसा आहे. सभोवतीचा जुना गडगा (दगडी कुंपण) कंबरेएवढा असल्यामुळे त्यावर आणखी पाच फूट जाळी चढवली. मांगरात जमिनीपासून दोन फूट उंचीवर जाड बांबूचे आडवे दांडे बसवले. त्याहून उंच दांडे मुद्दाम टाळले, कारण जड नर उंचावरून खाली उडी घेतात तेव्हा त्यांच्या पायांच्या गाद्यांना इजा होते आणि ती जखम लवकर भरत नाही.

कामाचा क्रमही ठरवून घेतला आहे. सकाळी आधी टर्कीचे खाद्य-पाणी व्हायचे आणि मगच बागेतल्या कोंबड्यांकडे जायचे. कातळावरचे फावडे, बादली आणि रबरी बूट तेथेच राहतील. बूट घालून खाली उतरायचे नाही आणि खालची पायताणे वर न्यायची नाहीत. कोंबड्यांची सगळी देखभाल काकू पाहतात आणि दिवसातून अनेकदा त्यांची ये-जा होते. तेव्हा हा नियम टिकणे प्रामुख्याने त्यांच्यावर अवलंबून आहे, आणि त्यांनी तो मनापासून मान्य केला आहे.

३ फेब्रुवारी २०२४

एका खाजगी उबवणी केंद्रातून एक दिवसाची तीस पिल्ले आली. नाताळासाठीच पक्षी तयार करायचे असते तर जून-जुलैमधील पिल्लेही चालली असती, परंतु कोकणच्या पावसात इतकी नाजूक पिल्ले वाढवणे म्हणजे ओलसर गादी, रक्ती हगवण आणि ब्लॅकहेड या तिन्ही संकटांना एकाच वेळी सामोरे जाणे होय. फेब्रुवारीतील पिल्ले पाऊस लागेपर्यंत चार महिन्यांची होतात आणि वाढीचा सगळा नाजूक काळ कोरड्या दिवसांत पार पडतो.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याची जागा, मांगराच्या आतल्या खोलीत मांडला आहे. भाताच्या तुसाची दोन इंच गादी, तिच्यावर पहिले काही दिवस खडबडीत कागद आणि भोवती पत्र्याचे गोल कडे, अशी रचना आहे. कडे गोल असण्याला महत्त्व आहे, कारण घाबरलेली किंवा गारठलेली पिल्ले कोपऱ्यात दाटी करतात आणि खालची गुदमरतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवायचे आणि पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करायचे आहे. तापमापक लावलेला असला तरी पिल्लांच्या हालचालींवर अधिक भरवसा ठेवावा : दिव्याखाली घोळका करून चिवचिवाट करत असतील तर ऊब कमी पडते आहे आणि कड्याला चिकटून चोची उघडून बसली असतील तर ती जास्त झाली आहे, असे समजावे.

कोंबडीच्या पिल्लांपेक्षा टर्कीची पिल्ले एका बाबतीत फार वेगळी आहेत. कोंबडीचे पिल्लू पहिल्याच दिवशी टिपायला लागते. टर्कीच्या काही पिल्लांना मात्र समोर खाद्य भरलेले असूनही ते खायचे असते हे उमगत नाही, आणि अंड्यातून बरोबर आणलेला बलक संपला की ती चौथ्या-पाचव्या दिवशी उपासमारीने मरतात. यासाठी प्रत्येक पिल्लाची चोच प्रथम पाण्यात, मग खाद्यात बुडवली. दहा पिल्लांमागे एक याप्रमाणे उकडलेले अंडे बारीक कुस्करून खाद्यावर भुरभुरले आणि पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिलिटर दूध मिसळले. हा उपाय पंधरा दिवस चालवायचा आहे. पिल्लांना हिरव्या रंगाची ओढ असते, म्हणून लसूणघासाची कोवळी पाने अगदी बारीक चिरून वर पसरली आणि पाण्याच्या भांड्यांत स्वच्छ गोटे ठेवले. गोट्यांमुळे चमकणाऱ्या पाण्याकडे पिल्लांचे लक्ष जाते आणि भांड्यात पडून बुडण्याचा धोकाही टळतो.

१२ फेब्रुवारी २०२४

अठ्ठावीस पिल्ले उत्तम स्थितीत आहेत. दोन पिल्ले आल्यापासून अशक्त होती, ती दगावली.

आजची नोंद खाद्याबद्दल आहे, कारण मिश्र पक्षी पाळणाऱ्याला एकाच पोत्यातून सर्वांना घालण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे आणि या वयात तोच सर्वाधिक घातक ठरतो. टर्कीच्या पिल्लांना पहिले चार आठवडे सुमारे २८ टक्के प्रथिने लागतात. ब्रॉयलर स्टार्टरमध्ये (मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांच्या खाद्यात) ती २२-२३ टक्क्यांच्या आसपास असतात, तर अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात त्याहूनही कमी. शिवाय त्या खाद्यातील भरपूर कॅल्शियम वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. नायसिन या जीवनसत्त्वाची गरजही कोंबडीच्या पिल्लांच्या मानाने बरीच जास्त असते आणि ते कमी पडले तर पायांचे सांधे सुजून पाय वाकडे होतात.

याहून गंभीर बाब अशी की, ब्रॉयलरच्या अनेक खाद्यांत रक्ती हगवणीला प्रतिबंध म्हणून सॅलिनोमायसिन मिसळलेले असते. कोंबडीला निर्धोक असलेली त्याची मात्रा टर्कीला विषारी ठरून पक्षी पायांतून लुळे पडतात. नॅरासिन या औषधाचेही तसेच आहे. त्यामुळे पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय एकही पोते कातळावर चढवायचे नाही, असे ठरवले आहे. सध्या औषधविरहित स्टार्टरमध्ये सोयाबीन पेंड आणि वेंगुर्ल्याहून आणलेल्या, मीठ न लावता वाळवलेल्या सुकटीची पूड मिसळून प्रथिनांची पातळी वाढवली आहे. बाजारातली खारवलेली सुकट चालत नाही, कारण जादा मीठ लहान पिल्लांना मारक असते.

१६ मार्च २०२४

सहा आठवडे पूर्ण झाले. पहिल्या दिवशी राणीखेतची लस दिली होती, पाचव्या आठवड्यात देवीची दिली आणि आज राणीखेतची आर-टू-बी ही लस टोचून घेतली. खाली बागेतल्या कोंबड्यांचे राणीखेत लसीकरणही आजच केले. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, एका कळपात शिरली की ती वाऱ्याबरोबर, कपड्यांबरोबर दुसऱ्या कळपात जाते. येथे वेगळ्या मातीचा उपयोग नाही, दोन्ही कळपांचे लसीकरणच उपयोगी पडते.

२० एप्रिल २०२४

पक्षी आता दिवसभर उघड्या कातळावर चरतात. टोळ, वाळवी, गवताचे बी आणि गळून पडलेली करवंदे ते आवडीने खातात. दशरथ घास आणि शेवग्याचा पाला रोज दोन वेळा टांगून देतो, त्यामुळे विकतच्या खाद्यात चांगली बचत होते. चरण्याच्या बाबतीत टर्की कोंबडीपेक्षा शिस्तीची आहे : ती उकिरडा उकरत नाही, कळप मोडत नाही आणि चालत चालत टिपत पुढे सरकते.

नर आता ओळखू येऊ लागले आहेत. चोचीवरचा मांसल तुरा लांबून खाली लोंबतो, पिसारा फुलवताना डोके आणि मान क्षणात निळसर, क्षणात लालभडक होते. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाने मुकर्रब खान याला गोव्याच्या बंदराकडे पाठवले असता त्याने आणलेल्या अपूर्व पक्ष्यांत टर्की होता. बादशहाने आपल्या आठवणींत मानेच्या या बदलत्या रंगांचे बारकाईने वर्णन केले आणि दरबारी चित्रकार मन्सूर याने तो पक्षी रंगवला. मेक्सिकोचा हा पक्षी हिंदुस्थानच्या बादशहाला पहिल्यांदा दिसला तो आमच्या शेजारच्याच बंदरातून गेलेला, या गोष्टीचे मला मनापासून अप्रूप वाटते.

८ जून २०२४

पाऊस सुरू झाला. मांगराच्या अर्ध्या भागात पोफळीच्या फाळ्यांचा जमिनीपासून अडीच फूट उंच माळा तयार आहे. फाळ्यांत बोटभर फट ठेवल्यामुळे विष्ठा खाली पडते आणि पक्ष्यांचा तिच्याशी संबंध येत नाही. संततधारेच्या दिवसांत पक्षी माळ्यावर ठेवायचे, उघडीप असेल तेव्हा कातळावर सोडायचे.

९ जुलै २०२४

एक मादी काल संध्याकाळपासून पंख गाळून, मान आखडून एका बाजूला उभी होती. आज सकाळी तिची विष्ठा पातळ आणि गंधकासारखी पिवळी आढळली. तिला आणि तिच्याबरोबर सुस्त दिसणाऱ्या आणखी दोन पक्ष्यांना तत्काळ वेगळे केले. कळपात ब्लॅकहेड शिरला की पुढे तो जंतावाचूनही पसरतो, कारण आजारी टर्कीच्या ताज्या विष्ठेशी संपर्क आल्यास परजीवी दुसऱ्या टर्कीच्या गुदद्वारातून थेट आत ओढला जातो. त्यामुळे वेगळे करण्याला तासाचाही उशीर परवडत नाही.

१३ जुलै २०२४

ती मादी मरण पावली आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदन झाले. यकृतावर रुपयाएवढे, मध्ये खोलगट असे पिवळट-करडे गोल डाग होते आणि आंधळी आतडी घट्ट, चीजसारख्या गाभ्याने भरलेली होती. ही दोन्ही चिन्हे एकत्र दिसली की निदानाबद्दल शंका उरत नाही. डोके काळे पडेल अशी वाट पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, आमच्या पक्ष्याचे डोके शेवटपर्यंत काळे पडले नव्हते.

कातळावर कोंबडी कधी गेलेली नाही, बुटांचा नियम पाळला गेला आहे, पाण्याचा उतारही उलटा आहे. मग रोग आला कोठून, याचा शोध डॉक्टरांबरोबर कुंपणाच्या आत फिरून घेतला आणि उत्तर आंब्याच्या कलमांच्या आळ्यांत मिळाले. कातळात सुरुंग लावून खड्डे करायचे, ते खालून आणलेल्या मातीने भरायचे आणि त्यांत कलमे लावायची, ही आमच्याकडील जुनी पद्धत आहे. गडग्याच्या आत अशी तीन कलमे असून त्यांच्या आळ्यांना अनेक वर्षे बागेतलेच कोंबडखत पडत आलेले आहे. पाऊस पडताच त्या तीन खड्ड्यांपुरती गांडुळे वर आली आणि टर्की दिवसाचा बराच वेळ नेमक्या त्याच ठिकाणी टिपत होत्या. उघड्या कातळाच्या मधोमध बागेच्या मातीची तीन बेटे होती, आणि कोंबडीने पाय न ठेवताही तिची माती तेथे पोहोचलेली होती.

मिश्र पक्षीपालनाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला माझे आग्रहाने सांगणे आहे की, टर्कीच्या जागेत आज कोंबडी आहे का एवढेच पाहून थांबू नये. गेल्या तीन-चार वर्षांत तेथे कोंबडी होती का, कोंबडखत पडले आहे का आणि माती कोठून आली आहे, याचीही चौकशी करावी.

२ ऑगस्ट २०२४

वेगळ्या केलेल्यांपैकी एक पक्षी मेला, एक पशुवैद्यकांनी दिलेल्या मेट्रोनिडॅझोलनंतर सावरला. औषध दिलेला हा पक्षी खाण्यासाठी कधीही विकायचा नाही, असे ठरवून त्याच्या पायात लाल कडे घातले. उरलेल्या कळपात नवीन लक्षणे नाहीत. तिन्ही आळ्यांभोवती बारीक जाळीचे कुंपण घातले असून पुढील खत शेणाचेच पडेल. बागेतल्या कोंबड्यांना आणि गिनी फाउलना पशुवैद्यकांच्या सल्ल्याने फेनबेंडॅझोल दिले व ते ठरावीक अंतराने चालू राहील. हे औषध जंताला मारते, हिस्टोमोनासला थेट मारत नाही. परंतु वाहनच नाहीसे झाले की परजीवीचा प्रवास खुंटतो.

३१ ऑगस्ट २०२४

माद्यांचे वय तीस आठवडे झाले. अंडी देण्याचे वय हेच, पण दिवस लहान होत चालल्यामुळे अंडे आलेले नाही. दिव्यांनी प्रकाशाचे तास वाढवून ते आत्ताही मिळवता आले असते. तसे करायचे नाही असे ठरवले, कारण पावसाळ्याच्या अखेरीस निघालेल्या पिल्लांना ओलसर दिवस वाट्याला येतात.

२२ डिसेंबर २०२४

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणि ओळखीच्या घरांतून आलेल्या मागणीप्रमाणे नर आणि चार माद्या विकल्या गेल्या. नर सरासरी आठ किलोचे भरले. हॉटेलांनी मोठे नर आनंदाने घेतले, तथापि घरगुती गिऱ्हाइकाला चार-पाच किलोची मादी अधिक सोयीची वाटते, कारण तेवढाच पक्षी घरच्या ओव्हनमध्ये मावतो. पुढील वर्षी घरगुती मागणीसाठी कमी वयाचे नर आणि जादा माद्या ठेवायला हव्यात. पैदाशीसाठी दहा माद्या आणि दोन नर राखले. मध्यम वजनाच्या पक्ष्यांत पाच माद्यांमागे एक नर पुरतो.

३० जानेवारी २०२५

उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांत आणि उरण तालुक्यातील चिरनेर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळल्याच्या बातम्या या महिन्यात आल्या. राज्याने २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूच्या साथीत काय सोसले, हे पक्षी पाळणारा कोणी विसरलेला नाही. या रोगात टर्की आणि कोंबडी दोन्ही झपाट्याने मरतात, बदके मात्र अनेकदा लक्षणांवाचून विषाणू बाळगतात. म्हणून बदकांना व्हाळावर सोडणे बंद करून झाकलेल्या आवारात घेतले आणि खाद्याची सर्व भांडी छपराखाली आणली, जेणेकरून कावळे व बगळे त्यांपर्यंत येणार नाहीत. केंद्रबिंदूपासून एक किलोमीटरच्या आतील सर्व पक्षी नष्ट केले जात असल्यामुळे येथे कातळ आणि बाग हा भेद कामाचा नाही, संपूर्ण घरच एक कळप धरून काळजी घ्यावी लागते.

३ मार्च २०२५

फेब्रुवारीत अंडी सुरू झाली. बदामी रंगावर तपकिरी ठिपके असलेले हे अंडे सरासरी ८५ ग्रॅमचे भरते आणि बहुतेक माद्या दुपारनंतर अंडी देतात, म्हणून गोळा करण्याची फेरी दुपारी दोनदा केली जाते. सात दिवसांहून जुनी अंडी उबवणीला घेत नाही.

उबवणीच्या पद्धतीवर घरात सविस्तर चर्चा झाली. काकूंच्या मते खुडूक बसलेली गावरान कोंबडी टर्कीची पाच-सहा अंडी सहज उबवते, आणि त्यांचा अनुभव पाहता ती उबवील यात मला शंका नाही. परंतु पिल्ले निघाली की तीच कोंबडी त्यांना घेऊन बागेत उतरेल, पाचोळा उकरून गांडूळ दाखवील आणि आपली विष्ठा व जंत पहिल्या दिवसापासून त्यांच्या चोचीपर्यंत पोहोचवील. ज्या वयात हा रोग सर्वांत मारक ठरतो त्याच वयात असे होणे परवडणारे नाही. काकूंनी हे ऐकून घेतले आणि कातळावर खुडूक झालेल्या टर्की मादीसाठी स्वतःच गवताची बैठक तयार करून दिली. तिच्याखाली आज बारा अंडी ठेवली. उरलेली अठरा ३७.५ अंश तापमानाच्या लहान उबवणी यंत्रात घातली आहेत.

कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, टर्कीच्या अंड्याला २८. त्या हिशेबाने ३१ मार्चला पिल्ले अपेक्षित आहेत. दहाव्या दिवशी विजेरीवर अंडी तपासून रिकामी काढायची, २५ व्या दिवशी यंत्रातील अंडी फिरवणे थांबवून आर्द्रता वाढवायची आणि त्याआधी ब्रूडरचे कडे, तूस व औषधविरहित स्टार्टरची दोन पोती कातळावर पोहोचलेली असावीत, अशी नोंद मांगराच्या दारावर लावली आहे.